भिवानानांचा भार

भिवानानांना रामराम घालायचा तर हाताशी थोडा वेळ असावा लागे. समोरच्याने हात जोडले की नाना आधी बंडीच्या खिशात हात घालायचे, शेंगदाणे-गुळाची एक गोळी काढायचे, तोंडात टाकून डोळे मिटून चावायचे, मोठ्या कष्टाने गिळायचे, आणि मग म्हणायचे, "रामराम." तोपर्यंत रामराम घालणारा पुढची आळी ओलांडून गेलेला असे. एकदा तहसीलचा शिपाई निरोप घेऊन आला होता. नाना उत्तरच देईनात म्हणून तो बिचारा तोंड पाडून परत गेला आणि नाना त्याच्या पाठीवर रामराम म्हणाले.

मी लग्न होऊन चौसाळ्याला आले ती थेट नानांच्या शेजारी. दुसऱ्याच दिवशी भर दुपारी दारात राख टाकायला आले, तर नाना ओसरीवर उभे. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. नानांनी खिशातून गोळी काढली, चावली, गिळली आणि समोरच्या रिकाम्या उन्हाकडे बघून म्हणाले, "रामराम." माझ्या हातातली पाटी तशीच राहिली. आत जाऊन सासूबाईंना सांगितलं. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो.

"पारूला घातला आसंल," त्या म्हणाल्या.

"पारू कोण?"

"त्येंची बायकू."

"मला कुठं दिसल्या नाहीत त्या."

"दिसंल कशी? मरून गेली की," असं म्हणून आत्याबाई पुन्हा ज्वारी पाखडायला लागल्या. माहेरी असली गोष्ट कुणी सांगितली असती तर आधी दार लावून घेतलं असतं. सासरी सुपाचा आवाजसुद्धा थांबला नाही.

नानांच्या अंगणात एक दगड होता. काळा, गुळगुळीत, बैठ्या माणसाएवढा. त्यावर कुणी बसत नसे, धुणं वाळत घालत नसे, कुत्रंसुद्धा त्याची सावली सोडून झोपे. एक कावळा मात्र त्यावर रोज दुपारी येऊन बसायचा आणि ओरडायचा नाही. कावळ्यानं ओरडू नये ही गोष्ट मला अजिबात आवडली नाही. आत्याबाईंचं म्हणणं होतं की दगड वाढतोय. "आनला तवा माज्या गुडघ्याला व्हता, आता मांडीला लागतुया," असं त्या सांगायच्या. आत्याबाई स्वतः दर वर्षी थोड्या वाकत चालल्या होत्या हे त्यांना कुणी सांगायचं?

त्या दगडाची हकिकत अशी. गावात तापाची साथ आली, माणसं गाव सोडून रानात खोपी घालून राहिली, तेव्हा नाना आठवडाभर शुद्धीवर नव्हते. पारूबाईंनी त्यांना गाडीत घालून टेकडीवरच्या देवीला नेलं आणि नवस बोलल्या, की माणूस उठला तर त्याची गूळतुला करीन. देवळातल्या मोठ्या ताजव्यात भार केला, त्या भाराचा दगड शोधला आणि घरी आणला. नानांनी डोळे उघडले तेव्हा पारूबाई एवढंच म्हणाल्या, "ह्या दगडाएवढा गूळ बोललेय तुमच्यासाठी." नाना उठले आणि त्याच हप्त्यात पारूबाई पडल्या त्या उठल्याच नाहीत. देवीनं बदली माणूस घेतला, असं गाव म्हणालं. दगड चढवणारा गाडीवान आणि गुरव, दोघंही त्याच साथीत गेले.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळा शिवेना. भाऊबंदांनी हात जोडून एकेक गोष्ट कबूल केली, भिवाचं बघू, म्हशीचं बघू. कावळे झाडावर बसून राहिले. शेवटी नाना पुढे झाले आणि म्हणाले, "तुजा नवस मी फेडीन. मी सोता पारड्यात बसून. ह्या दगडाच्या भारानं, गुंजभर कमी न्हाई." एक कावळा खाली आला आणि शिवला.

झालं, नाना अडकले. कारण त्या दिवसापासून त्यांची भूक गेली. "माजी भूक म्हायेरी गेलीया," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुणी जेवायला बोलावलं की म्हणायचे, "येतो, पर एकलाच येईन. ती म्हायेरी हाय." लोक हसायचे. नानाही हसायचे, आणि बंडीच्या आत त्यांच्या बरगड्या हलायच्या.

माणूस असा वाळत चाललेला आणि दगड तसाच. पुजारी म्हणाला, "नाना, आज जेवढे हाव तेवढा गूळ वाटा आन मोकळे व्हा." नाना भडकले. "तिला खोटी पाडू? कावळ्याला काय सांगू? नवस फिटस्तवर ती आडकलीया, माज्या पायी. तिकडं तिला कुनी आत घेत नसंल." कुणी म्हणालं, मग सरळ दगडाएवढा गूळ जोखा, तुम्ही कशाला बसता? तर म्हणाले, "जबान दिलीया, मी बसीन म्हून." त्यांच्या बोलण्यात कुठे बोट शिरकवायला फट नसायची.

मग ते बीडच्या हकीमसाहेबांकडे गेले. हकीमसाहेबांनी नाडी बघितली, जीभ बघितली आणि सांगितलं, "नाना, पेट कू धोका देना पडता. थोडा थोडा, मगर घडी घडी. निवाले के पहले पानी नक्को." पोटाला फसवायचं ही कल्पना नानांना फार पटली. भाकरीत तूप कालवून तिचा मलिदा करायचा, म्हणजे चावायला कमी आणि अंगाला जास्त. ताक बंद, दूध सुरू, त्यात खवा कुस्करलेला. भाजीवर तिळाचं कूट, कुटावर पुन्हा तूप. आणि पोटाला कळू नये म्हणून जेवायची वेळच ठेवायची नाही. रामराम आला की एक गोळी. बैल हंबरला की एक. देवळातली घंटा वाजली की एक. गावानं हे मनावर घेतलं. येताजाता माणसं मुद्दाम रामराम घालायची, एकदा घालून कोपऱ्यावरून परत यायची आणि पुन्हा घालायची. माझे यजमान तर आमच्या छपरावरून घालायचे. नाना खाली कष्टानं गिळत असायचे.

बाजारच्या दिवशी अडतीवरच्या मोठ्या काट्यावर एका पारड्यात दगड आणि दुसऱ्यात नाना. कापूस घेऊन आलेली माणसं गाड्या सोडून बघायला जमायची. दगड जागचा हलायचा नाही. नाना पारड्यात वर लोंबकळत राहायचे, पाय हलवायचे आणि विचारायचे, "कावून भरंना बे?" आणि गंमत अशी, की दगड एवढा जड कसा, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. उलट जो तो आठवायला लागला, की तापाआधी भिवा केवढा होता! एक म्हणे, दारातून आडवा शिरायचा. दुसरा म्हणे, त्यांच्या लग्नात भारानं घोडं खाली बसलं होतं. दर बाजाराला जुना भिवा थोडा थोडा फुगत गेला. खुद्द नानांनाही ते पटलं. "मी लई दांडगा गडी व्हतो, सूनबाई," ते मला सांगायचे आणि स्वतःच्या मनगटाकडे परक्याच्या मनगटाकडे बघावं तसं बघायचे. मला ते बघवायचं नाही.

आमची चूल आणि त्यांची चूल यांच्यामध्ये एकच भिंत होती. एकदा दुपारी मी भांडी आवरत असताना त्या भिंतीतून बाईचा आवाज आला. बारीक, लाडीगोडीचा. "घ्या की. येवढा एक. माजी आन हाय." मग नानांचा, "बास गं." पुन्हा तो आवाज, "बास कसं? आजून निम्मं ताट तसंच हाय." मी भांडी तशीच टाकून ओसरीवर पळाले. गावात कुजबुज होतीच, की नानांच्या ताटातलं पारू खाते, म्हणून त्यांच्या अंगी लागत नाही. आत्याबाई त्या वेळी हटकून जप करायच्या. मी चारसहा दिवस सोसलं. मग विस्तव मागायचं निमित्त करून, हातात खापर घेऊन, सरळ त्यांच्या दारात गेले.

नाना भिंतीकडे तोंड करून एकटेच बसले होते. समोर ताट. उजव्या हातात घास धरलेला, आणि त्या घासाला ते बाईच्या आवाजात समजावत होते. मला बघून दचकले नाहीत, लाजलेही नाहीत.

"तिनं म्हन्ल्याबिगर घशाखाली उतरत न्हाई, सूनबाई," ते आपल्या आवाजात म्हणाले. "ती तर येत न्हाई. मंग मीच म्हन्तो."

मी विस्तव घेतला आणि घरी येऊन चुलीपुढे रडले. त्या दिवसानंतर तो आवाज आला की मला भीती वाटेनाशी झाली. फक्त एकदा वाटली. नाना मांजरसुंब्याला गेले होते, त्यांच्या दाराला बाहेरून कडी होती, आणि भिंतीपलीकडून कुणीतरी म्हणालं, "घ्या की." हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आणि आताही फार जोर देऊन सांगत नाही.

त्या वर्षी नानांनी ठरवलं, की चैत्रातल्या जत्रेला नवस फेडायचाच. हिवाळाभर ते खात होते. खाणं ही त्यांची मजुरीच झाली होती. सुगीत माणूस घामाघूम होतो तसे ते ताटावरून उठताना घामाघूम व्हायचे. गालावर जरा मांस आलं. गावाला उमेद आली. गुळाच्या ढेपा टेकडीवर नेऊन रचल्या. चिंचेच्या फांदीला देवळाचा जुना ताजवा टांगला. दोन्ही पारडी अशी की बैलगाडीचं चाक निजवावं.

ऊन डोक्यावर आलं होतं. दगड एका पारड्यात चढवला, नाना देवीला हात जोडून दुसऱ्यात बसले. वाजंत्री थांबली. दगड जमिनीला चिकटून राहिला. हललाही नाही. नाना वर, झुलत. कुणी "थोडं पुढं सरका" म्हणालं, ते सरकले. कुणी दोरी झटकली. काही नाही.

"आई, मी लई खाल्लं गं," नाना देवीकडे बघून म्हणाले. "आंगीच लागंना." म्हातारा माणूस सगळ्यांसमोर तोंड वेडंवाकडं करून रडायला लागला. पारूबाई आणखी वर्षभर अडकल्या, एवढंच त्यांना दिसत होतं. ते खाली उतरले. आणखी वर्षभर नाना टिकणार नाहीत हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

तेवढ्यात देवळाच्या मागून गुरवाची म्हातारी आली. साथीत गेलेल्या गुरवाची आई. ठार बहिरी, त्यामुळे वर्षानुवर्षं तिला कुणी काही विचारलं नव्हतं आणि सांगितलंही नव्हतं. ती जत्रेला लेकीकडून दिंद्रुडहून आली होती. तिनं ताजव्याकडं पाहिलं, दगडाकडं पाहिलं, आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात नानांवर ओरडली.

"येकलाच कावून बसला रं? पारी कुटं हाय? तिला बी बसीव की!"

माझ्या शेजारच्या बाईनं माझा दंड घट्ट धरला. नाना तिच्या तोंडासमोर वाकून, ओठ मोठे हलवून म्हणाले, "आजे, ती न्हाई आता."

"न्हाई? मंग कसा भरंल त्यो?" म्हातारीला लोकांच्या मूर्खपणाचा रागच आला. "त्या दिशी तू कुटं बसतूस? मान टाकलीती तू. धरला की घसरायचा. मंग पारी बसली पारड्यात आन तुला मांडीवर घेतला. माज्या ल्योकानं म्हन्लं, बाई तू उतर, तुजा भार येतुया. तर म्हन्ली, येऊ द्या, देवीला दोगांचा घेऊ द्या, पर ह्येला खाली ठिवनार न्हाई. मंग त्यो दगड घातला. दोगांचा हाय त्यो."

नाना दगडाकडे बघत राहिले. इतकी वर्षं ज्या माणसाएवढं व्हायला ते मलिदा गिळत होते, तसा माणूस कधी नव्हताच.

पुजारीच आधी सावरला. तो जवळ येऊन हळू म्हणाला, "नाना, तिचा सबूद दगडाएवढ्या गुळाचा. तुमी पारड्यात बसलाव, तुमचीबी जबान राहिली. आता गूळ चढवू. फिटला नवस."

नानांनी मान हलवली. पण बाजूला न होता ते पुन्हा पारड्यात चढले. मघाशी बसले होते तसे मधोमध नाही. पुढे सरकून, पाठीमागे जागा सोडून बसले, आणि डोकं किंचित मागं टेकल्यासारखं केलं. मागं काहीच नव्हतं. तरी ते पडले नाहीत.

"उतरा आता, नाना," पुजारी म्हणाला. "ढेपा ठिवायच्यात."

"जरा बसू द्या," नाना डोळे मिटून म्हणाले. "त्या दिशी मला सुद नव्हती."

गुळाच्या ढेपा उन्हात पाघळायला लागल्या होत्या. कुणी घाई केली नाही.