कन्याकुमारीला राखाडी रंग

मी कन्याकुमारीला राखाडी रंगाचे दोन हात मारले. पहिला सकाळी, दुसरा जेवण झाल्यावर. समुद्र पहिल्याच हातात गेला. सूर्य जरा चिवट निघाला, त्याचा केशरी डाग सारखा वर येत होता, म्हणून दुसरा हात.

ही कन्याकुमारी नाशिक-पुणे रस्त्याला लागून आहे. संगमनेर सोडलं की चंदनापुरीचा घाट लागायच्या आधी. तिच्या समोर अंगणापलीकडे शिमला, उजवीकडे दार्जिलिंग, डावीकडे जैसलमेर. या चारही गावांचे मालक म्हणजे माझे दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पूर्वी इथे त्यांची कांद्याची चाळ होती. ती पाडून त्यांनी चार खोल्यांचं रिसॉर्ट बांधलं आणि नाव दिलं ‘चारी दिशा’. खोल्याही दिशा बघून बांधल्या. त्यामुळे उत्तरेच्या शिमल्याच्या पत्र्यावर दिवसभर ऊन तापतं आणि शिमला सगळ्यांत गरम असतो. दाजींना ते सांगितलं तर म्हणाले, “दिशा चुकवून कसं चालंल? उत्तर ती उत्तर.”

खोल्यांना नंबर नाहीत. त्यामुळे ऑफिसात नुसतं बसलं तरी कानावर पडत राहतं. “जैसलमेरला पानी येईना.” “दार्जिलिंगचा एसी बंद पडला.” “कन्याकुमारीला दोन चहा, एक बिनसाखरंचा.” एकदा एका पाहुण्याला बायकोचा फोन आला होता. तो बिचारा सांगत होता, अगं कंपनीच्या कामाने संगमनेरातच आहे. तेवढ्यात मागून वेटर ओरडला, “सायेब, तुमचं सामान शिमल्याला नेऊन ठिवलं.” त्या माणसाचं पुढे घरी काय झालं, आम्हाला कळलं नाही. तो परत आला नाही एवढं खरं.

पण हे काहीच नाही. दाजींचा खरा विक्षिप्तपणा सोमवारी बघावा. सोमवारी गिऱ्हाईक नसतं. त्या दिवशी दाजी गावाला जातात. म्हणजे अंगण ओलांडतात.

साधेसुधे नाही ओलांडत. दार्जिलिंगला जायचं असेल तर ऐन एप्रिलात माकडटोपी, मफलर आणि स्वेटर. जैसलमेरला जायचं तर डोक्याला पागोटं. कन्याकुमारीला पांढरी टोपी आणि घडी घातलेला पंचा. हातात सुटकेस. मागून आक्का, नीट निऱ्या काढून नेसलेलं लुगडं, काखेत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधलेलं फडकं. अंगणाच्या कडेला थांबून दाजी मला म्हणतात, “येतो मग, पाव्हनं. घराकडं लक्ष ठिवा.” घर समोरच असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी परत येतात ते थकूनभागून. “जाऊन आलो. लई थंडी हुती. हिकडं काय हवापानी?”

मी केडगावात प्लायवूड आणि टाइल्सचं दुकान चालवतो, सोमवारी ते बंद ठेवून इथे येतो, जोडीला खोल्यांची सजावट करून देतो. माणसांचे नाद बघण्याची सवय आहे. तरी बहिणीची कीव यायची. नवऱ्याच्या खुळापायी बिचारी दर सोमवारी सुटकेसमागून अंगण तुडवते.

एकदा मी दाजींना सरळ विचारलं, “अहो, खरोखरच्या दार्जिलिंगला जात का नाही?”

“मला भाईरचं पानी सोसत न्हाई.” त्यांनी पोटावर हात ठेवला.

“तुम्ही तर कांद्याचा ट्रक घेऊन देशभर हिंडलात.”

“तवापासूनच सोसंना. म्हनून तर ट्रक इकला.”

मला पटलं. मला काहीही पटतं.

भिंतींवरची चित्रं दाजींनी ट्रकचे मागचे फाळके रंगवणाऱ्या एका म्हाताऱ्या पेंटरकडून काढून घेतली होती. त्यामुळे शिमल्याच्या डोंगरावर गरुड, जैसलमेरच्या वाळवंटात कमळ, आणि कन्याकुमारीच्या समुद्राखाली, हाताला लागलेल्या सवयीने, ‘पुन्हा भेटू’. शिवाय दाजी स्वतः शेजारी स्टुलावर बसून त्याला सांगत होते. त्यांनी दार्जिलिंगला चहाच्या मळ्यात एक पंक्चरचं दुकान घालायला लावलं. कन्याकुमारीला एक होडी, होडीत पिवळं कुत्रं, आणि किनाऱ्यावर निळ्या छत्रीखाली शिंपले विकणारी एक बाई. मला वाटायचं, जागा उरली म्हणून भरली.

माझी भाची प्रज्ञा पुण्यात नोकरी करते आणि तिथूनच रिसॉर्टचं बुकिंग सांभाळते. यंदा तिने विषय काढला. खोल्यांच्या वायरी जुन्या झाल्यात, नळ गळतात, गाद्या बसल्यात, सगळं नवं करायचं. इथपर्यंत दाजी मान डोलवत होते. मग ती म्हणाली, “आणि बाबा, चित्रं जाऊ देत. सगळ्या भिंती राखाडी करू. लोक काय लिहितात वाचलं का? ‘ट्रकमध्ये झोपल्यासारखं वाटलं.’”

“मग? ट्रकमधी झोप वाईट लागती का?”

“ओल आलीय त्या गरुडावर. अर्धा गळून पडलाय. ठेवायचं तर नीट तरी ठेवा!”

“राखाडी खोली पुन्यात बी मिळती. तेवढ्यासाठी हितं कोन यील?”

दोघांचंही खरं होतं आणि दोघंही माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, “बघू.” माझ्या धंद्यात हे फार उपयोगी वाक्य आहे.

त्या दिवसापासून दाजींची झोप उडाली आणि त्यांनी माझीही उडवली. उजाडायच्या आत फोन. “पाव्हनं, उठला का? रंगाखाली भिंत निसती उभी हाय का चित्रानंच धरलीय?” दुसऱ्या दिवशी, “कुनी शिमला बघून गेलं, पोरास्नी घिऊन परत आलं, आन् शिमलाच न्हाई! त्येनी काय करायचं?” तिसऱ्या दिवशी नुसताच श्वास ऐकू आला. मी म्हणालो, “दाजी?” ते म्हणाले, “काय न्हाई. चालूच हाय का बघितलं.”

“काय चालू आहे का?”

“जीव.”

त्यांचा का माझा, ते सांगितलं नाही. पण मलाही धडधडायला लागलं. दाजी वाळले. ऑफिसात बसले की नखं खायचे आणि मग उठून प्रत्येक खोलीत डोकावून यायचे, दवाखान्यात पेशंट बघून यावं तसं. शेवटी आक्काच्या माघारी मला बाजूला घेऊन म्हणाले, “वायरी करा, नळ करा, फरशी करा. भिंतीचं सोमवारी सांगतो. ह्या सोमवारी आमची कन्याकुमारी हाय. एक डाव जाऊन येतो, मंग सांगतो.”

आणि शनिवारी मी रंग मारला.

का मारला? तर शनिवारी दाजी आणि आक्का जवळच्याच एका गावात लग्नाला गेले होते, स्कूटरवर, सावकाश. आक्काला उघड्या स्कूटरशिवाय दुसरं वाहन चालत नाही, तिला गाडी लागते. आमच्या घरातला तो जुना विनोद आहे. बेलापूरहून तिची वरात जीपमधून संगमनेरला निघाली, तर नवरी अर्धा रस्ता खिडकीबाहेर आणि शेवटचा टप्पा पायी. लहानपणी मी तिच्या मागे जाऊन नुसतं “एसटी आली!” ओरडलो तरी ती तोंडाला पदर लावायची. तर ते दोघं लग्नाला गेले, रंग कालवून तयार होता, आणि माझा धंद्यातला अनुभव असा, की विचारलं तर माणसं नाही म्हणतात, करून दाखवलं की हो म्हणतात.

माझे पेंटर सलीमभाई ब्रश हातात घेऊन उभेच राहिले. “शेठ, एकदा विचारून घ्या. समुद्र आहे, परत येणार नाही.”

“मारा तुम्ही,” मी म्हणालो.

संध्याकाळी दाजी परत आले. लग्नाचा फेटा डोक्यावर तसाच. आक्का घरात गेली आणि मी त्यांना हौसेने कन्याकुमारीला नेलं आणि दार उघडलं. ते आत गेले, पलंगाच्या कडेवर टेकले. भिंतीकडे बघत राहिले. मी म्हणालो, “खोली मोठी वाटते की नाही?”

त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला आणि हळूच म्हणाले, “आता हिला काय सांगू?”

“कुणाला? आक्काला? अहो, ती सुटली म्हणायची!”

दाजींनी माझ्याकडे असं बघितलं, की मी रविवारी जेवलो नाही. म्हणजे दोनदाच जेवलो. प्रज्ञाला फोन केला तर ती म्हणाली, “मामा, बाबांनी सांगेपर्यंत थांबायचं ठरलं होतं ना?” आणि फोन ठेवला. राखाडी जिला हवा होता, तीसुद्धा माझ्या बाजूची उरली नाही.

सोमवारी दुपार कलताना मी कन्याकुमारीच्या बाथरूममध्ये नळ बदलत होतो. खरं सांगायचं तर नळ सकाळीच बदलून झाला होता. दाजी आले की एकटे गाठून माफी मागावी, म्हणून मी तोच नळ पुन्हा पुन्हा आवळत होतो. दार वाजलं. फटीतून बघितलं तर दाजी पांढऱ्या टोपीत, हातात सुटकेस, आणि मागून आक्का. दाजींनी तिला काही सांगितलेलं नाही, हे तिच्या चालण्यावरूनच कळलं. फार दिवसांनी गावाला निघालेलं माणूस चालतं तशी ती चालत होती. माझं बाहेर पडायचं धाडस गेलं. पाना हातात धरून मी भिंतीला चिकटलो.

आक्का उंबऱ्यातच थांबली.

दाजींनी घसा खाकरला. “आभाळ आलंय बग,” ते म्हणाले.

आक्काने भिंतीकडे बघितलं, मग दाजींकडे.

“हितं असंच असतंय. मी कांदा घिऊन आल्तो ना, तवा बी असंच. किती दिस थांबलो, निसता समुद्राचा आवाज यायचा. दिसत कायबी न्हवतं.” त्यांनी सुटकेस खाली ठेवली. “उघडंल. उघडतंय कधीमधी.”

आक्काने दशम्यांचं फडकं पलंगावर ठेवलं. भिंतीजवळ गेली आणि तळहात टेकला. रंगाचा वास अजून होता.

“होडी हितं हुती न्हवं?”

“व्हय. जरा खाली घे हात.”

“आन् त्ये पिवळं कुत्रं?”

“त्ये होडीतच हाय की. ढगाच्या मागं.”

“छत्रीवाली गेली असंल घरी.”

“पावसात कोन बसतंय? तुझ्या बांगड्या जिच्याकडून आनल्या ना, ती बी पाऊस आला की उठायची. उद्या यील.”

आक्काच्या हातात शिंपल्यांच्या बांगड्या होत्या. मी त्या वर्षानुवर्षं बघत आलो होतो आणि शिर्डीच्या असतील म्हणून सोडून देत आलो होतो.

मी तिथेच, नव्या नळाला टेकून, गाढवासारखा उभा राहिलो. दाजींचं पोट दगड पचवेल. बाहेरचं पाणी त्यांना कधीच बाधलं नव्हतं. आक्काला सासरी चार बाया टोचत होत्या, हिला गाडी लागते, हिच्यापायी बिचाऱ्याला जोडीने कुठे जाता येत नाही म्हणून, तेव्हा त्यांनी ते सगळं स्वतःच्या पोटावर घेतलं, ट्रक विकला, आणि जे जे बघून आले होते ते तिला चालत जाता येईल इतक्या अंतरावर आणून ठेवलं. पंक्चरच्या दुकानासकट. आणि ‘एसटी आली’ म्हणून तिला हसवणारा, म्हणजे स्वतःच हसणारा मी, त्यावर दोन हात मारून मोकळा झालो होतो.

हातातला पाना फरशीवर पडला. नवी फरशी, आवाज चांगलाच झाला.

आक्काने दार ढकललं. मी म्हणालो, “नळ बघत होतो.”

आणि बोलत सुटलो. “आक्का, त्या जुन्या पेंटरला उद्याच बोलावतो. होतं तसं काढून घेऊ. बाकीच्या तिन्ही खोल्यांच्या भिंतींना हात लावत नाही. ओल काढतो, गरुड नीट करून घेतो, प्रज्ञाला मी सांगतो...”

“त्येचा हात आता लई थरथरतोय,” दाजी खाली बघत म्हणाले.

“थरथरू द्या,” आक्का म्हणाली. “लाटा बऱ्या येत्याल.”

दाजींनी टोपी काढली आणि पंचाने डोळे पुसले, मग उगाच कपाळही पुसलं. मला वाटलं, निभावलं. माझं असं आहे की निभावलं वाटलं की मी आणखी एक वाक्य बोलतो. मी म्हणालो, “आक्का, प्रवासातून आलीस, चहा सांगू का?”

आक्का पलंगावर बसली. फडक्याची गाठ सोडता सोडता तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“दिल्या,” ती म्हणाली, “ह्यांच्यासंगं सगळा मुलूख हिंडले, एक डाव बी मळमळलं न्हाई. आज पयल्यांदा पोटात ढवळतंय, तुझं थोबाड बघून. भाईर हो.”