धुराचे वैरी किसनमामा

किसनमामा कुणाच्याही घरी गेले की ओसरीवर टेकत नाहीत. थेट स्वयंपाकघरात घुसतात, चुलीवरच्या आढ्यावरून बोट फिरवतात आणि ते काळं बोट घरधन्याच्या नाकासमोर धरतात. "हे काय हाय, सांगा बरं? हेच तुमच्या घरच्या बाईच्या छातीत बी हाय!"

पुतण्यासाठी कुरुंद्याला पोरगी बघायला गेले, तिथंही तेच. पोरगी चहा घेऊन उभी आणि मामा बाजेवर चढून आढं तपासतायत. "सोयरीक मागून. पयले धुराडं बसवा!" लोक म्हणाले, झालं, मोडलं लग्न. कसलं मोडतंय! आठ दिवसांत मामांनी स्वतः चिखल तुडवून तिथं निर्धूर चूल मांडून दिली, आणि पोरीच्या आईनंच लग्नाची घाई केली.

मी हिंगोलीच्या एका पर्यावरण संस्थेत अहवाल लिहितो. घरातला धूर घालवायचा आणि सरपण वाचवायचं, हे आमचं काम. मामा एसटी डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी आमच्याकडे येऊन बसले. मामी कधीच गेल्या, लेक पुण्याला. जवळा बाजारात एकटेच राहतात. आम्ही शिकलेले लोक तक्ते दाखवतो, मामा नुसता धूर हुंगून सांगतात, "बाभळीचं लाकूड हाय, अन् ओलं हाय." मी एकदा परीक्षा घेतली. बराबर निघालं! तेव्हापासून मी त्यांच्यापुढं शहाणपणा करत नाही.

मागच्या दिवाळीआधी त्यांनी एका अख्ख्या बंजारा तांड्यावर निर्धूर चुली मांडल्या. तिथली म्हातारी सीताबाई. तिला सगळे याडी म्हणतात, म्हणजे आई. धुरानं तिचे डोळे सदा गळायचे, ते थांबले. मामांना नातू झाल्यासारखा आनंद झाला होता.

संक्रांत झाली आणि निरोप आला : तांड्यावरच्या बाया चुली फोडून राहिल्या.

आम्ही धावत गेलो. याडीनं एका हातातला दगड खाली न ठेवता दुसऱ्या हातानं आमच्यापुढं ज्वारीची कणसं टाकली. दाण्यांचं पीठ झालेलं, आत किडे वळवळत होते. बियाण्याची कणसं चुलीवर आढ्याला टांगायची, धुरानं त्यांना कीड लागत नाही, ही तांड्याची पिढ्यान् पिढ्यांची रीत. आणि आम्ही धूरच घालवून बसलो! आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात ही गोष्ट आली नव्हती. सारखं वर बघणाऱ्या मामांच्याही नाही.

"डोळे गेले तर माझे एकटीचे जातेत," याडी म्हणाली. "बी गेलं तर समद्या तांड्यानं पेरायचं काय?"

आमच्या साहेबांनी बियाण्याला लावायच्या विषारी पावडरीचं नाव काढलं, तर बाया अंगावरच आल्या. मामा पुढं झाले आणि त्यांनी हात जोडले. "याडी, चुकी माझी. चांगलं उरलेलं बी माझ्यापाशी दे. पेरणीच्या आधी आणून देतो. पण चूल फोडू नको, माय."

 याडीनं हातातला दगड टाकून दिला. मामा कणसांची पोती घेऊन गेले. मला वाटलं, ठेवतील कुठल्या तरी गोदामात.

महिन्याभरानं अहवालावर सही घ्यायला त्यांच्या घरी गेलो, तर पत्र्यांच्या फटीफटीतून धूर! अरे देवा, म्हणत आत शिरलो. मामांनी स्वतःची निर्धूर चूल मोडून तीन दगड मांडले होते. वर आढ्याला तांड्यावरच्या घराघराची जुडी, प्रत्येकीला नावाची चिठ्ठी. आणि खाली किसनमामा मुद्दाम ओलं जळण घालून फुंकत बसलेले. डोळे लाल, खोकून खोकून बेजार. चुलीवर साधं पातेलंसुद्धा नव्हतं.

"मामा, काहून हे? मरायचंय का?"

"तांड्यावर घरोघरी लेकरं हायत," ते म्हणाले. "बियाला धूर लागतोच, तर एका घरात होऊ दे. हितं दुसरं कोण हाय खोकायला?"

मला रडूच फुटलं. धुराचा बहाणा आयताच होता.

"सरा मामा थोडं," मी म्हणालो, आणि त्यांच्या हातातली फुंकणी घेतली.