बाहेर यायचा अर्ज

आमच्या गाद्यांच्या कंपनीतला संगणक विभाग मी सुतासारखा सरळ केलाय, हे मी छातीठोकपणे सांगतो! पूर्वी कुणीही यायचं आणि "जरा बघता का?" म्हणत काम गळ्यात मारून जायचं. मी तीन महिने खपून कामाची नवी पद्धत आखली, भिंतभर तक्ताच लावला! कुठलं काम कुणाचं, मंजुरी कुणाची, शिवाय प्रत्येक अर्जात एक सक्तीचा रकाना: 'या कामाने कंपनीचं कोणतं उद्दिष्ट साध्य होईल?' उद्दिष्ट नाही, तर काम नाही!

मोठे साहेब खूश झाले. "मंगळवारी हॉटेलवाले येताहेत. चार हजार गाद्यांची ऑर्डर आहे. तुमची पद्धत त्यांना समजावून सांगा. जमलं, तर तुम्ही संचालक!"

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आधी स्वतःचा डबा न विसरता नेत जा."

मंगळवारी बैठकीला दहा मिनिटं होती. म्हटलं, सर्व्हर रूममध्ये एक नजर टाकून यावी. नियमाप्रमाणे अर्ज भरला, स्वतःच मंजूर केला, कार्ड लावून आत गेलो. सगळे दिवे हिरवे! बाहेर पडायला पुन्हा कार्ड लावलं, तर दार ढिम्म! एका अर्जावर दार एकदाच उघडणार, हा माझाच नियम. आत गेलेला माणूस कधीतरी बाहेरही येतो, हे तक्ता करताना माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आतल्या फोनवरून मदतकक्षातल्या बाईंना गाठलं.

"बाई, मी आत अडकलोय! दार उघडा!"

"अर्ज क्रमांक, सर?"

"कसला क्रमांक? बैठक सुरू होतेय!"

"तोंडी काम घ्यायचं नाही, असं तुम्हीच लिहिलंय ना? थांबा, मीच भरते. तुम्हाला बाहेर काढल्याने कंपनीचं कोणतं उद्दिष्ट साध्य होईल?"

मी चाटच पडलो. "लिहा, विक्री वाढेल!"

"किती टक्के?"

"बाई!!"

"बरं, अंदाजे टाकते. पाठवला मंजुरीला."

"कुणाकडे?"

"तुमच्याकडेच. तुमच्या टेबलावरच्या संगणकावर जाऊन तेवढं 'हो' दाबा."

सर्व्हरसाठी लावलेल्या एसीच्या गारठ्याने दात वाजायला लागले. संचालकपद हातचं गेलं म्हणून खरंच रडू येत होतं. अर्ध्या तासाने दार उघडलं. दारात झाडलोट करणाऱ्या मावशी, हातात साधी किल्ली!

"मावशी, तुम्हाला मंजुरी कुणी दिली?"

"तुमच्या तक्त्यात माझं नावच नाही, मग विचारू कुणाला? सरका, फरशी पुसायचीय."

मी धावत बैठकीच्या खोलीत पोचलो. हॉटेलवाले हसत हसत निघाले होते. साहेबांनी मला मिठीच मारली.

"ऑर्डर मिळाली! कमाल केलीत!"

"पण साहेब, मी तर काहीच बोललो नाही..."

"तेच तर! ते गादीवर आडवे झाले, आवडली, सही केली. वीस मिनिटांत! पुढच्या बैठकीलाही असंच करा."

"आणि माझं संचालकपद?"

"अर्ज भरा की! उद्दिष्टाचा रकाना विसरू नका."

जागेवर येऊन संगणक उघडला. बाईंनी माझा सुटकेचा अर्ज निकालात काढला होता. खाली शेरा होता: 'उद्दिष्ट साध्य झाले आहे. अर्जदारास बाहेर काढण्याची गरज उरलेली नाही.'