धोंड्याला आलेला रशियन जावई

आबासाहेबांनी कडा गावच्या बाजारात छातीठोक सांगून टाकलं होतं की, आमच्या जावयासारखा गाणारा अख्ख्या आष्टी तालुक्यात सापडायचा नाही. रशियात त्याचं मंडळ चौदा वर्षं चालू आहे! चार रेकॉर्डी निघाल्या, तीन ढोलवाले दमून पळाले, एकदा बर्फात गाडी बंद पडली तर मंडळ तिथंच उभं राहून गायलं. हे सगळं त्यांना लेकीनं, सायलीनं सांगितलेलं. ती तिकडं डॉक्टरकी शिकायला गेली आणि या ग्लेबशी लग्न करून बसली. मंडळाचं नाव 'गोठलेलं स्मशान' आहे, एवढं आबासाहेबांनी गाळलं. गाणं तर त्यांनी एकदाही ऐकलं नव्हतं.

खरं तर ही फुशारकी एकाच माणसाच्या कानावर जावी म्हणून होती. थोरली बहीण सुभद्राबाई. सायली तिच्याच अंगाखांद्यावर वाढलेली. आपल्याला न विचारता लग्नाला होकार दिला म्हणून तीन वर्षं तिनं भावाच्या घरचं पाणी तोंडाला लावलं नव्हतं.

अधिक महिना आला. जावयाला धोंड्याचं जेवण घालायचं ठरलं. ग्लेब सायलीसोबत आला. दारातून वाकून आत येणारा, कमरेपर्यंत केस. सुभद्राबाईही भाचीसाठी आली, पण ओसरीच्या कडेला बसली, घरून आणलेली पाण्याची बाटली मांडीवर घेऊन.

ताटं वाढेपर्यंत भजनी मंडळाच्या बजरंगनं जावयाच्या गाण्याचा आग्रह धरला. त्यानंच स्पीकर आणला. सायली नको नको म्हणत होती. ग्लेबनं मोबाइल जोडला, केस मोकळे सोडले आणि तोंड उघडलं.

विहिरीत रेडा पडल्यासारखा आवाज निघाला. मान गरागरा फिरू लागली. केस वावटळीसारखे उडाले.

"अंगात आलं!" शेजारची छबुबाई ओरडली.

मग कुणी कुंकू आणलं, कुणी कापूर. रांग लागली. बजरंगनं बोअरला पाणी कितीवर लागेल ते विचारलं. ग्लेब गुरगुरला. बजरंगला ते दोनशे फूट ऐकू आलं. सायली हे गाणं आहे म्हणून सांगत सुटली, तर छबुबाईनं तिला दटावलं, "गप गं, देवाच्या मधी बोलू न्हाई."

आबासाहेबांनी ओसरीकडं पाहिलं. आता बहीण कायमची गेली!

तेवढ्यात सुभद्राबाई उठली. लोकांनी वाट दिली. ती ग्लेबसमोर उभी राहिली.

"बोल देवा, काय म्हणणं हाय तुझं?"

ग्लेब थांबला. घाम पुसला, हात जोडले आणि सायलीनं विमानात घोकवून घेतलेलं एकुलतं एक वाक्य म्हणाला.

"आत्या, जेवा."

सुभद्राबाई पाटावर बसली. पुरणाचे दोन धोंडे संपले, तसं आबासाहेबांना राहवेना. ते तिच्याजवळ वाकले.

"आक्का, खोटं कशाला सांगू, ते देवाचं न्हवतं. गाणंच हाय त्याचं तसलं."

"मला शिकवतो का? चाळीस वर्षं संबळावर देवीची गाणी म्हणली मी. अंगात आल्यावर पाय ताल धरत न्हाई. ह्याचा एकदा बी सुटला न्हाई. देवा म्हणले ते लोकांनी ह्याला सोडावं म्हणून. गळ्याला तेवढं हळद-दूध द्या."

"मग जेवाया बसलीस कावून?"

"तीन वर्षांत तू एकदा तरी जेव म्हणलास का?"

आबासाहेबांनी तिच्या ताटात तूप वाढलं.

"आजून," सुभद्राबाई म्हणाली.