सफरचंद, हिरवळ आणि माझा निःपक्षपातीपणा

मागच्या अंगणातली कोळशाची खोली पाडून टाकावी, हा निर्णय आमच्या घरात एकमताने झाला. आमच्या घरातला तो शेवटचा एकमताचा निर्णय. खोली पाडल्यावर तिच्याखालून जमीन निघाली, आणि जमीन निघाली की तिचे काय करायचे हा प्रश्नही निघतो, हे पाडण्यापूर्वी कोणाच्याच ध्यानात आले नाही. (माझ्या यायला हवे होते. मी जुनी मॅट्रिक. सारी नोकरी गावोगावच्या छापखान्यांत मुद्रिते तपासण्यात गेली. पुढे काय घोटाळा होणार हे आधीच ओळखण्याचाच मला पगार मिळत असे.)

मला तेथे सफरचंदाचे झाड हवे होते. आमच्या ह्यांची नोकरी पाणीपुरवठा खात्यात, बदलीची. त्यामुळे निवृत्तीनंतर हे घर घेईपर्यंत आमचा संसार भाड्याच्या घरांतून झाला. भाड्याच्या घरात माणूस कुंडी ठेवतो, झाड लावत नाही. घरमालकासाठी फळे कोण पिकवणार? तेव्हा स्वतःच्या जमिनीत मूळ धरलेले, ज्याचे फळ आपल्या हाताने तोडता येईल असे एक झाड असावे, एवढी एकच इच्छा मी जन्मभर पुढे ढकलत आले होते. आता पुढे ढकलायला फारसे पुढे उरले नव्हते.

ह्यांना हिरवळ हवी होती.

"लॉन करू," हे म्हणाले. "सकाळी त्यावर अनवाणी चालेन. डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरांनी चालायला सांगितलं आहे. 'अनवाणी' तुम्ही घातलंत."

"अगं, झाडाला फळ यायला किती वर्षं लागतात ठाऊक आहे का? तोवर आपण..."

"ते वाक्य पुरं करू नका."

"लॉन कसं, लावलं की हिरवं दिसतं."

"हिरवं दिसणं म्हणजे काही काम नव्हे. भिंतीला रंग लावला तरी ती हिरवी दिसते."

आमच्या सूनबाई रुग्णालयात परिचारिका आहेत. त्या नुकत्याच कामावरून परतल्या होत्या आणि दारातच उभ्या राहून बूट काढत होत्या. "आई, बाबा, काहीही लावा," त्या म्हणाल्या. "मला चादरी वाळत घालायला जागा ठेवा, म्हणजे झालं." या मागणीकडे आम्ही दोघांनीही दुर्लक्ष केले. त्या वेळी आमचे एवढ्यापुरते पुन्हा एकमत झाले होते, असे म्हणता येईल.

रोपवाटिकेच्या मालकाचा सल्ला घेतला. हिरवळ चांगली की सफरचंद चांगले, असे मी त्याला स्पष्ट विचारले. तो म्हणाला, "दोन्ही चांगलं." मी म्हटले, "तुलना करून सांगा." तो म्हणाला, "तुलना केली तरी दोन्ही चांगलं." ज्याच्या दुकानात दोन्ही वस्तू विकायला आहेत त्याला मत नसते, हे मला कळायला हवे होते. आम्ही दोन्ही घेऊन घरी आलो.

मग रीतसर तोड काढली. अर्थात मीच काढली. दोन्ही लावायचे, वसंतापासून पानगळीपर्यंत वाट पाहायची, मग सूनबाईंनी निकाल द्यायचा. जे जिंकेल त्याला सारी जागा, जे हरेल ते उपटायचे. येथपर्यंत सर्व ठीक होते. पण माझी न्यायबुद्धी येथे थांबेना. जो तो आपल्याच वस्तूचे लाड करील, आणि दुसऱ्याच्या वस्तूला कीड लागावी म्हणून मनात नवस बोलत राहील, हे मला दिसू लागले. तेव्हा मी असे ठरवले, की त्यांची हिरवळ मी सांभाळावी आणि माझे झाड त्यांनी. हयगय झाली तर अप्रामाणिकपणा आपोआप उघडा पडेल.

"म्हणजे गवत कापायचं, पाणी मारायचं, ते सगळं तू करणार?" ह्यांनी विचारले.

"होय."

"आणि मी एका काडीला पाणी घालायचं?"

"होय."

"मान्य आहे," हे म्हणाले, आणि इतक्या चटकन म्हणाले की शहाण्या बाईने तेथेच बैठक उधळून लावली असती.

रोपवाटिकेच्या माणसांनी उन्हाचा अंदाज घेऊन झाड पार मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात लावले आणि घरापासून भिंतीपर्यंत सगळीकडे हिरवळीचे बी पेरले. झाड म्हणजे खरोखरच काडी होती. तिला आधाराला लावलेला बांबू तिच्यापेक्षा रुबाबदार दिसे.

आता माझा स्वभाव. एखादे काम मला आवडत नसले तरी ते वाईट करणे मला जमत नाही. गवत उगवले, तसे त्यात तण उगवले. छापलेल्या पानावर चूक दिसली की माझ्या मानेत जसे काहीतरी आखडते, तसे तण दिसले की आखडू लागले. मी गुडघ्याखाली उशी घेऊन तण उपटू लागले. कापायच्या यंत्राला कडेचे गवत सापडत नाही; ते मी शिवणाच्या कात्रीने कापू लागले. चहूबाजूंनी खुंट्या ठोकून सुतळी बांधली. उन्हाळा सरता सरता हिरवळ अशी झाली, की तिच्यात एक पाते वर नाही, एक पाते खाली नाही. खिडकीतून तिच्याकडे पाहताना माझा चहा निवून जाई.

अशा हिरवळीवर कोणी पाय ठेवावा, ही कल्पनाच मला सहन होईना.

"मी चालू का थोडं?" ह्यांनी एके सकाळी चपला काढून हातात घेत विचारले.

"नको. दव आहे. दबेल."

"मग दुपारी?"

"दुपारी ऊन असतं. करपेल."

"अगं, पण लॉन मी मागितलं होतं."

"मागितलं तुम्ही. वाढवते आहे मी."

सूनबाईंच्या चादरींची दोरीही मला सोडवून ठेवावी लागली. चादरींची सावली पडून गवतावर पिवळा पट्टा उमटत होता. परिचारिका रुग्णाकडे पाहून हसतात, तशा सूनबाई माझ्याकडे पाहून नुसत्या हसल्या.

अडचण झाली ती झाडाची. झाड कोपऱ्यात आणि मध्ये हिरवळ. तेव्हा ह्यांनी पाणी घालायला जायचे कसे? मी म्हटले, तो तुमचा प्रश्न, तुम्ही पाणीपुरवठा खात्यातले. ह्यांनी आधी नळाला लांब नळी जोडली. नळी ओढताना गवत चुरगळते, म्हणून मी ती गुंडाळून ठेवली. मग हे झारी घेऊन गल्लीतून वळसा घालून जाऊ लागले आणि शेजारच्या आवारात स्टूल ठेवून, भिंतीवर पोटावर ओणवे होऊन, पलीकडून झाडाला पाणी घालू लागले. झाडाशी बोलूही लागले. भिंतीवर लोंबकळलेल्या माणसाला दुसरे करण्यासारखे काही नसते, असे मी समजत होते.

शेजारी नव्याने राहायला आलेल्या एक बाई होत्या. त्यांनी मला फाटकात गाठले.

"वहिनी, विचारू नये, पण विचारते. तुम्ही त्यांना घरात घेत नाही का?"

"कोणाला?"

"तुमच्या मिस्टरांना. रोज सकाळी आमच्या भिंतीवर येतात. काल म्हणत होते, 'आणखी थोडं सोस, मी आहे ना.' मी ऐकलं आणि मला भरूनच आलं."

"ते झाडाशी बोलत होते."

"असं," बाई म्हणाल्या, आणि माझ्या दंडावर हात ठेवून हळू आवाजात पुढे म्हणाल्या, "डॉक्टरांना दाखवलंत का?"

घरी येऊन मी ह्यांना फैलावर घेतले. पण ह्यांचे लक्षच नव्हते. "आज नवी पानं आलीत," हे म्हणाले. "शेंड्याला. तांबूस आहेत. तू पाहिलीस का?"

मी पाहिली नव्हती. जन्मभर ज्याची वाट पाहिली त्या झाडाकडे पाहायला मला सवड नव्हती. माझी नजर गवताच्या वर जातच नव्हती.

निकालाच्या सकाळी दोन्ही बाजूंनी भाषणे झाली. ह्यांनी झाडाची बाजू मांडली. आपल्या मागे राहील असे काहीतरी जमिनीत रुजवावे, गवत काय आज आहे उद्या नाही, हिरवे दिसणे म्हणजे काही काम नव्हे, असे सारे हे बोलले. वाक्ये ओळखीची वाटत होती, पण त्या वेळी मला ती अतिशय पोकळ वाटली. मी हिरवळीची बाजू मांडली. फळाला वर्षे लागतात, तोवर आपण... येथपर्यंत मी बोलले, आणि ह्यांनी माझ्याकडे असे पाहिले की वाक्य मलाच अर्धे सोडावे लागले.

सूनबाईंनी ऐकून घेतले. रात्रपाळी करून आल्या होत्या. चहाचा कप दोन्ही हातांत धरून पायरीवर बसल्या होत्या.

"झाड," त्या म्हणाल्या.

"कारणे द्या," मी म्हटले.

"आई, हिरवळ फार सुंदर झाली आहे. पण तिच्यावर बाबा चालायचे नाहीत, मी कपडे वाळत घालायचे नाहीत, कोणी खुर्ची टाकायची नाही. त्या झाडानं मला आजवर कशालाही नाही म्हटलेलं नाही."

निकालाप्रमाणे हिरवळ उपटायची. मी मान खाली घालून कात्री आत ठेवायला निघाले, तोच हे म्हणाले, "राहू दे गवत. उपटायला नको." मला वाटले, इतक्या वर्षांच्या संसाराचे काहीतरी चीज झाले. तेवढ्यात ह्यांनी सुतळी ओलांडली, चपला काढल्या, आणि घरापासून झाडापर्यंत, झाडापासून घरापर्यंत, दव असताना, अनवाणी फेऱ्या मारायला सुरुवात केली. मागोमाग सूनबाईंनी दोरी बांधली. म्हणजे ह्यांना झाडही मिळाले आणि हिरवळही.

भिंतीवरून शेजारीणबाईंचे डोके वर आले. "अभिनंदन हो, भाऊसाहेब," त्या म्हणाल्या. "झाड जिंकलं म्हणे. छान कल्पना होती तुमची."

"तसं काही नाही," असे म्हणून हे विनयाने हसले. खुलासा मात्र केला नाही.

तेव्हा मला पुढे होणे भाग पडले. ओल्या चादरीखालून वाकून मी भिंतीपाशी गेले आणि सर्व गोष्ट मुद्देसूद सांगितली: सफरचंद ही मुळात माझी कल्पना, हिरवळीचा आग्रह ह्यांचा, आणि त्या हिशेबाने पाहिले तर आज जिंकले आहे ती मी.

बाईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग भिंतीवरून हात लांब करून त्यांनी माझ्या दंडावर ठेवला.

"हरल्यावर असं वाटतंच, वहिनी," त्या म्हणाल्या. "मनाला लावून घेऊ नका."