हिरव्या उजेडाचा झाडू

“कोपरा पाह्य वं पोरी. मधातलं तं वाराबी झाडते.”

भिवापूरच्या अंगणात, वाळत घातलेल्या मिरच्यांच्या पलीकडून आलेला आईचा हा आवाज देवकीबाईंच्या कानात इतक्या वर्षांनीही तसाच कोरा होता. आवाज जुना होत नाही, डोळे होतात. गेल्या वर्षभरात देवकीबाईंना आईचं सांगणं नीट ऐकू यायचं, कोपरा मात्र दिसायचा नाही. जिथे कोपरा असायला हवा तिथे दुधावरच्या सायीसारखं काहीतरी पसरलेलं असायचं.

हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. मानेवाड्याच्या प्लॉट पाडलेल्या लेआउटमधल्या घरात त्या सवयीने वावरत. माणसं चालीवरून ओळखत, भाजी बोटांनी निवडत, आणि डाळीत खडा निघाला तर दुकानदाराला नावं ठेवत. सांगितलं असतं तर मोतीबिंदूचं ऑपरेशन आलं असतं. ऑपरेशनला त्या भीत नव्हत्या. भीती त्याच्या पुढची होती. समोरच्या रुखमाबाईंचं ऑपरेशन झालं तेव्हा ‘आई, आता तुम्ही आराम करा’ म्हणून सुनेने त्यांना व्हरांड्यात खुर्ची टाकून दिली. दोन्ही डोळ्यांनी लख्ख दिसू लागलेल्या रुखमाबाई तेव्हापासून त्या खुर्चीत बसून रस्ता बघत होत्या. स्वयंपाकघरात त्यांना चहापुरतंही कुणी फिरकू देत नव्हतं. बाईले खुर्ची भेटली का घर सुटते, असा देवकीबाईंनी मनाशी निकाल लावून टाकला होता.

अशात एका सकाळी चहाचा कप खाली ठेवत गोपाळराव म्हणाले, “देवकी, आपण तो बिनवायरचा व्हॅक्यूम क्लीनर घेऊन टाकू.”

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले गोपाळराव नव्या वस्तूच्या वाटेला सहसा जात नसत. घरातला मिक्सर त्यांनी इतक्यांदा दुरुस्त केला होता की मूळचं त्यात फक्त नाव उरलं होतं. देवकीबाई सावध झाल्या.

“कायले? झाडू काय वाईट आहे?”

“झाडू चांगला आहे. पण वाकून वाकून तुही कंबर दुखत असन ना.”

देवकीबाईंची कंबर ठणठणीत होती. पण तसं म्हटलं तर मग कोपऱ्यात धूळ काहून राहते, हा पुढचा प्रश्न दारात उभाच होता. त्यांनी क्षणभर विचार केला आणि कमरेवर हात ठेवला.

“हाव. दुखते थोडी.”

संध्याकाळपर्यंत गोपाळरावांनी औषधाच्या दुकानातून कमरेचा पट्टा आणला. रात्री सून मयुरा तेलाची वाटी घेऊन आली. तिच्या हाताला इतका जोर होता की चांगली कंबर त्या रात्रीपासून खरंच थोडी दुखू लागली. मुलगा हर्षित घरूनच कंपनीचं काम करायचा; त्याने कंपनीचं काम बाजूला ठेवून व्हिडिओ पाहायला सुरुवात केली. सक्शन, बॅटरी, फिल्टर हे शब्द घरात वरण-भातासारखे रोज शिजू लागले. कोणतं यंत्र घ्यावं यावर तिघांचीही मतं ठरली आणि एकमेकांशी जुळेनात. ज्यांच्यासाठी ते यायचं होतं त्यांना कुणी विचारलं नाही, आणि पट्ट्यात आवळलेल्या देवकीबाईंनीही ते बरंच मानलं.

शेवटी सगळे बर्डीच्या बाजारातल्या एका दुकानात गेले. विक्की नावाच्या विक्रेत्याने फरशीवर मूठभर कणीक भुरभुरली आणि एक हलकं यंत्र फिरवून दाखवलं. गोपाळरावांनी ते त्याच्या हातातून घेतलं, फ्रिजच्या रांगेपासून वॉशिंग मशीनच्या रांगेपर्यंत चालवत नेलं, परत आणलं, पुन्हा नेलं.

“पलंगाखाली जाते का? वाकावं तं नाही लागत?”

“काका, दांडा वाकते. तुम्ही नाही,” विक्की म्हणाला.

“बाबा, वापरणार आई आहे का तुम्ही?” मयुराने विचारलं.

“आई वापरन. मी फक्त पाहून राहिलो.”

“पाहता पाहता अर्धं दुकान झाडून टाकलं तुम्ही.”

तेवढ्यात विक्कीने दुसरं यंत्र सुरू केलं. “काकू, हे पाहा. याच्या तोंडाशी लाइट आहे.”

फरशीवरून हिरवा उजेड सरपटत गेला आणि त्यात कणकेचा कण न् कण चमकून उठला. पहाटेच्या गवतावर दव दिसावं, तसं. देवकीबाई पाहतच राहिल्या. वर्षभरात इतकं स्वच्छ त्यांना काही दिसलं नव्हतं. हे यंत्र घरी आलं की हरवलेले सगळे कोपरे परत येणार होते, आणि ते हरवले होते हे कुणाला कळणारही नव्हतं.

“हेच घ्या,” त्या म्हणाल्या.

गोपाळरावांनी ते उचलून पाहिलं आणि लगेच खाली ठेवलं. “जड आहे वं हे. कंबरेले झेपणार नाही.”

“झेपते.” देवकीबाईंनी एका हाताने ते खांद्यापर्यंत उचलून दाखवलं.

“आई, पट्टा बांधून आहे म्हणून झेपून राहिलं,” मयुरा म्हणाली.

“तेवढी काही दुखत नाही माही कंबर.”

“काल तं मयुरा तेल लावत होती तेव्हा कण्हत होती तू,” हर्षित म्हणाला.

“ते तिच्या हाताले जोर आहे म्हणून.”

आपण सांगितलेलं खोटं आपल्याच वाटेत आडवं पडलं आहे, हे देवकीबाईंना कळत होतं. ते ओलांडायचं तर खरं बोलावं लागलं असतं. त्यांनी यंत्र खाली ठेवलं. तंटा गोपाळरावांनी आपल्या पद्धतीने मिटवला. ते चाखल्याशिवाय आंबा घेत नसत आणि छताला टांगून फिरवून पाहिल्याशिवाय पंखा घेत नसत.

“दुकानातली धूळ वेगळी अन् घरची वेगळी,” ते विक्कीला म्हणाले. “रविवारी दोन्ही मशिनी घरी आणा. आमच्या धुळीवर चालवून पाहू.”

रविवारी सकाळी आणखी एक गोष्ट घरी आली. भिवापूरहून भावाने पाठवलेल्या मिरच्या चक्कीवरून दळून आल्या. दळलेलं तिखट गरम असतं. तसंच बरणीत भरलं तर वर्षभर टिकत नाही. म्हणून देवकीबाईंनी ते ओट्याजवळ जुन्या धोतरावर निवायला पसरलं. पाहुणा येणार, पाय पडेल, म्हणून मयुराने धोतराची चार टोकं उचलून ते मागच्या खोलीच्या कोपऱ्यात नेऊन पसरलं. सासूबाईंना सांगायचं तिच्या मनात होतं. पण दारात विक्की उभा राहिला आणि ते मनातच राहिलं.

विक्कीने बैठकीत दोन्ही यंत्रं मांडली. हिरव्या उजेडाच्या यंत्रातून त्याने फिल्टर काढून दाखवला. “काका, हा नळाखाली धुता येते.”

“धुऊन दाखवा.”

विक्कीने तो धुतला आणि उन्हात कठड्यावर ठेवला. “आता हा वाळेपर्यंत हे मशीन लावू नका कोणी. फिल्टर नसला का मागून सगळं बाहेर फेकते.”

हे सगळ्यांनी ऐकलं. देवकीबाई तेवढ्या आत पोह्यांवर चण्याची तर्री वाढत होत्या.

त्या बशा घेऊन बाहेर आल्या तेव्हा तिघे जण हलक्या यंत्राभोवती जमले होते. गोपाळराव ते चालवत होते आणि हर्षित म्हणत होता, “मंग हेच फायनल ना बाबा?” दुसरं यंत्र भिंतीला टेकून, वरात निघून गेल्यावर मागे राहिलेल्या बँडवाल्यासारखं उभं होतं. आता बोलून उपयोग नव्हता, करून दाखवायला हवं होतं. देवकीबाईंनी बशा ठेवल्या, यंत्र उचललं आणि मागच्या खोलीत शिरल्या. आपला सगळ्यात अवघड कोपरा झाडायचा आणि मग सगळ्यांना हाक मारायची, एवढाच त्यांचा बेत होता.

उजेड सरपटत पुढे गेला. पलंगाच्या कडेची बारीक धूळ दिसली, ती गेली. कपाटाखालची दिसली, तीही गेली. देवकीबाईंना गाणं म्हणावंसं वाटलं. आणि मग त्या कोपऱ्याशी पोचल्या. तिथे धुळीचा ढीगच होता. लाल तिखट हिरव्या उजेडात काळपट मातीसारखं दिसतं, हे हर्षितच्या एकाही व्हिडिओत सांगितलेलं नव्हतं. राहिला वास. पण सकाळपासून घरभर तोच वास भरला होता, नाकाने कधीच हात टेकले होते.

‘बाई बाई, एवढं साचलं होतं,’ देवकीबाईंना मनातून लाज वाटली. त्यांनी बटण पुढे सरकवून जोर वाढवला.

यंत्राचं तोंड कोपऱ्याकडे होतं आणि पाठ बैठकीकडे. वर्षभराचं तिखट समोरून आत गेलं आणि जसंच्या तसं मागून बाहेर पडलं. बैठकीतून ओरडाआरडा ऐकू आला. यंत्राच्या आवाजात देवकीबाईंना तो कौतुकाचा वाटला, म्हणून त्यांनी ढिगाची दुसरी बाजूही घेतली. मग त्यांना पहिली शिंक आली. मागे वळल्या तेव्हा दार दिसेना. सायीच्या जागी आता लाल ढग होता.

त्यांनी यंत्र बंद केलं.

“कोणी डोळे उघडू नका,” मयुरा खोकत म्हणाली. “आई, तिखट आहे ते.”

“मले काही दिसून नाही राहिलं,” हर्षित म्हणाला. त्याचं डोकं कशावर तरी आपटलं.

“ते काकाचं डोकं आहे का माझं?” विक्कीने विचारलं.

“माहं आहे,” गोपाळराव म्हणाले आणि लागोपाठ शिंकू लागले.

देवकीबाईंनीही डोळे मिटले. त्यांना फारसा फरक पडला नाही. वर्षभर त्या असंच तर वावरत होत्या. “जागचे हालू नका,” त्या म्हणाल्या. त्यांनी चार पावलांत गोपाळरावांचा हात शोधला, शिंकेवरून मयुरा शोधली आणि पदराचं टोक मागे दिलं. “एकामेकाले धरा. उजव्या हाताले फ्रिज आहे, खांदा सांभाळा. आता उंबरठा. पोह्याची बशी कोणी खाली ठेवली, विक्की? पाय उचला.” डोळे असलेली चार माणसं तोंडाला रुमाल लावून त्यांच्या मागे चालत राहिली. मागच्या अंगणातल्या नळाशी देवकीबाईंनी सगळ्यांना एका ओळीत बसवलं आणि एकेकाच्या डोळ्यांवर पाणी मारलं.

रुखमाबाईंना समोरच्या खुर्चीतून हा गोंधळ दिसला होता. खिडकीतून लाल धूर निघालेला पाहून त्यांनीच ओळखीच्या ऑटोवाल्याला फोन लावला. फाटकाशी येऊन त्या म्हणाल्या, “देवकी, सगळ्यायले घेऊन दवाखान्यात जा वं. डोळ्याशी खेळू नये.”

धंतोलीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात शिरताना ते पाच जण कुठल्या तरी दुःखद प्रसंगाहून आल्यासारखे दिसत होते. तरुण डॉक्टरीणबाईंनी कारण ऐकलं, ओठ घट्ट मिटले आणि सगळ्यांचे डोळे धुऊन औषध घातलं. “काळजीचं काही नाही,” त्या म्हणाल्या. “पण नजर तपासून घेते. एकेक जण या.”

देवकीबाई सगळ्यात शेवटच्या बाकावर सरकल्या. समोर पडद्यावर अक्षरं होती असं लोक म्हणत होते. आधी गोपाळराव वाचून गेले, मग हर्षित, मग मयुरा, मग विक्की. देवकीबाई शाळेत थोड्याच गेल्या होत्या, पण जात्यावरच्या ओव्या त्यांनी एकदा ऐकून पाठ केल्या होत्या. इथे तर अक्षरं चार वेळा ऐकायला मिळाली. त्यांचा नंबर आला तेव्हा त्या ताठ बसल्या आणि चाल लावावी तशा ठेक्यात म्हणाल्या, “ग. म, प. न, र, ट. व, ल, क, स.”

“आणि खालची ओळ?”

“द, ब, य, च, भ.”

“एकही चूक नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “पण आई, मी पडदा मघाशीच बंद केला आहे.”

विक्कीने उगाच एक शिंक दिली. डॉक्टरांनी देवकीबाईंच्या डोळ्यांत बारीक उजेड टाकून पाहिलं, आणि मोतीबिंदू बराच पिकला आहे, म्हणाल्या.

देवकीबाईंनी पदर हातात घेतला. “वर्ष झालं,” त्या म्हणाल्या. “दिसत नाही मले. ऑपरेशन करा, त्याचं काही नाही. पण मंग तुम्ही मले खुर्ची देसान. बसून राहा म्हणसान.”

मयुराचे डोळे तसेही वाहतच होते. “आई, तुम्ही बसल्या तं तिखट कोण करन? वर्षाचं तिखट आज सोफ्यावर गेलं. डोळे चांगले करा अन् लागा कामाले.”

देवकीबाईंनी अंदाजानेच गोपाळरावांकडे मान वळवली. “तुमचं तोंड बी साफ दिसत नाही मले.”

“आज नको पाहू,” गोपाळराव म्हणाले. त्यांचे डोळे टमाट्यासारखे सुजले होते. “आज पाहण्यासारखं नाही आहे.”

मग ते थोडे घुटमळले. हर्षितकडे पाहिलं, विक्कीकडे पाहिलं, आणि शेवटी जमिनीकडे पाहून बोलले.

“कंबर तुही नाही दुखत, मले माहीत आहे. माही दुखते. तू झाडून आंघोळीले गेली का रोज मागून राहिलेले कोपरे मीच झाडतो ना वं.”