दलदलीतला उंट

कलकत्त्याच्या सचिवालयातले बडेबाबू तारिणीचरण चाकलादार यांनी लिहिलेला एकही खलिता लंडनहून आजवर नामंजूर होऊन परत आला नव्हता. हे ते लुची खाताना घरी सांगत, ट्राममध्ये सांगत आणि सासुरवाडीला तर कुणी न विचारताच सांगत.

यात एक गोम होती. मसुद्यात काहीतरी बदलल्याशिवाय कुठल्याच साहेबाला सही करवत नसे. म्हणून तारिणीबाबू प्रत्येक मसुद्यात एक ढळढळीत चूक स्वतःच पेरून ठेवत. साहेब ती पकडत, खूश होत आणि बाकीच्या मजकुराला हात लावत नसत.

त्या दिवशी सुंदरबनातल्या नव्या चौकीसाठी दोन होड्या मागायच्या होत्या. तिथे बारा महिने चिखल आणि पाणी. तारिणीबाबूंनी होड्यांच्या जागी झोकात लिहिलं, ‘दोन उंट’.

पेल्हमसाहेब विलायतेहून नुकताच उतरला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो स्वतः बाबूंच्या टेबलाशी आला.

"बडेबाबू, काय मसुदा लिहिता हो! एक शब्द बदलावासा वाटला नाही. सही करून टाकली. सकाळच्या बोटीने गेलासुद्धा!"

अशी शाबासकी उभ्या नोकरीत मिळाली नव्हती. तारिणीबाबूंची छाती फुगली आणि उंट आठवताच लगेच खाली बसली.

साहेब गेल्यावर शेजारच्या भवतोषने पानाचा तोबरा सावरला. "दादा, सांगून टाका की."

"काय सांगू? आजवर मुद्दाम चुका करत आलो म्हणून? आधीच्या सगळ्या साहेबांची अब्रू जाईल आणि माझी नोकरी!"

"मग लंडन हसेल."

"हसू दे रे. पण खलिता परत धाडला तर?"

रात्री इलिश मासा पानात तसाच राहिला. बायकोने विचारलं, "घशात काटा अडकलाय का हो?"

"काटा कसला, उंट अडकलाय!"

काही महिन्यांनी उत्तर आलं. बदल केल्यावाचून लंडनच्या साहेबांनाही राहवत नसावं. ‘दोन उंट जास्त होतात. एक मंजूर.’

पाठोपाठ बिकानेरहून उंट आला आणि सचिवालयाच्या अंगणात साहेबाचे गुलाब खाऊ लागला.

"हा तिथे जाणार कसा?" पेल्हमसाहेब हवालदिल झाला.

"चालत गेला तर रुतेल, साहेब. होडी घ्यावी लागेल. मंजूर माल पोचवायचा खर्च तुमच्याच अखत्यारीत येतो." तारिणीबाबूंनी लगोलग मसुदा पुढे केला. ‘एक होडी.’

साहेबाने वाचला, पेन्सिल उचलली आणि त्याचा चेहरा उजळला. "बडेबाबू, आज चुकलात! याचा चारा काय डोक्यावरून नेणार?" त्याने एकाचे दोन केले.

"माझ्या लक्षातच आलं नाही, साहेब," तारिणीबाबू मान खाली घालून म्हणाले.

दोन्ही होड्या चौकीकडे निघाल्या. एकीत उंट मान ताठ करून उभा होता. घाटावर भवतोषने हळूच विचारलं, "दादा, पण हा तिथून परत आला तर?"

"येईल कसा?" तारिणीबाबूंनी धोतराचा सोगा झटकला. "चाकलादारांचं मागणं आहे, परत येत नाही."